मदत हवी आहे: सोसायटीच्या ग्रुपवरील चिथावणीखोर संदेशाबाबत कायदेशीर मार्ग कोणता?

नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजार भागात राहतो आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. गेल्या आठवड्यात एका सभासदाने एका विशिष्ट धर्माच्या फेरीवाल्यांविषयी दोन संदेश टाकले. 'ही माणसे विश्वासाची नाहीत, यांच्याकडून भाजी घेऊ नका' हा पहिला. दुसऱ्यात 'पुन्हा फाटकाच्या आत दिसले तर हातगाडी उलटी करा, पाय मोडा, बाकीचे आम्ही बघून घेऊ' असे लिहून ते कोणत्या वेळी येतात हेही दिले होते, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

राज्यघटनेच्या कलम १९(२) नुसार भाषणस्वातंत्र्यावर घालता येणाऱ्या निर्बंधांत सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी यांचा समावेश आहे. ऑनलाइन अभिव्यक्तीविषयीच्या श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार (म्हणजे एखाद्या मताची बाजू मांडणे) आणि चिथावणी असा भेद करून पहिल्या दोहोंना संरक्षण दिले, मग ते मत कितीही अप्रिय असो. त्या कसोटीवर दुसरा संदेश उघड चिथावणी आहे, असे माझे ठाम मत आहे. पहिल्याबद्दल मात्र निर्णय होत नाही, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये धर्माच्या आधारे शत्रुत्व वाढवणे हाही तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. त्याच वेळी, आपल्याच गुजरातमध्ये, जामनगरला एका कवितेवरून खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या दृष्टीने जोखावा असे सांगितले, तेही मला पटते. कडवट बोलणाऱ्या प्रत्येकाला पोलीस ठाण्यात ओढावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. परंतु ज्या माणसाकडून आमच्या घरी वर्षानुवर्षे भाजी येते, त्याचे पाय मोडण्याचे आवाहन मी वाचून सोडून देऊ शकत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की तक्रार फक्त दुसऱ्या संदेशापुरती करावी, की दोन्ही एकत्र मांडल्याने हेतू अधिक स्पष्ट होईल? कलम १९६ खाली न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, पण गुन्हा नोंदवण्यासाठी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ठाण्यात नोंद नाकारली गेल्यास पोलीस आयुक्तांकडे द्यायचा लेखी अर्ज कसा लिहावा? शिवाय संदेश ग्रुपवरून काढून टाकले तर पुराव्याला बाधा येईल का, की फोन जसाच्या तसा ठेवून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे? अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे, पण पाहूनही मी गप्प राहिलो तर?

गुजरातमध्ये वकिली करणाऱ्यांनी किंवा अशी तक्रार प्रत्यक्ष केलेल्यांनी उत्तर दिल्यास फार उपकार होतील. दुसऱ्या संदेशातील वेळ रोज सकाळची आहे, म्हणून शक्य तितक्या लवकर कळवावे ही विनंती.