१८३० च्या रानात जखमी गडी जगवायचा कसा?

जांबोटीची लेक
कादंबरी लिहायला घेतली आहे. एप्रिल १८३० मध्ये इंग्रजांविरुद्ध लढणारा कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा पकडला गेला. त्याच्या टोळीतला एक गडी पोटरीवर तलवारीचा वार घेऊन बेळगावकडच्या भीमगडच्या रानात शिरतो, आणि गवळी-धनगरांच्या वाड्यावरची मुलगी त्याला गोठ्यामागं लपवते. आमची आज्जी जखमेवर दगडी पाला चुरून लावायची, म्हणून मीही तोच लिहिलाय. लपायला घाणेरीची जाळी. पावसाळाभर तो खाईल काय, तिथं मात्र अडले आहे.

खानापूरचा शेतकरी
ताई, दगडी पाला आणि घाणेरी दोन्ही काढा. दोन्ही मूळची अमेरिकेकडची. त्या काळी आपल्या घाटात ती असतील असं धरून चालू नका. जखमेला हळद आणि मध द्या. त्याला हगवण लागली तर कुड्याच्या सालीचा काढा पाजा, इतका कडू की गडी तोंड फिरवेल. लपायला कारवी आहेच. खायला भारंगीची भाजी, ओढ्यातले खेकडे, राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. बांबूचे कोंब चिरून पाण्यात ठेवावे लागतात, पाणी बदलत. तसेच शिजवले तर बाधतात. धुराची काळजी करू नका. गुरांना डास चावू नयेत म्हणून गोठ्यात धुनी असतेच, वाड्यावरचा धूर बघून कुणाला संशय येणार?

मलप्रभाकाठ
औषधांचं ठीक झालं, पण ती दोघं बोलणार कुठल्या भाषेत? तो संगोळ्ळीकडचा, कन्नड बोलणारा. ती मराठी. माझी आई कन्नड, बाबा मराठी. आमच्या घरात अजून मधाला एकजण ‘जेनु’ म्हणतं, एकजण मध. तुमची मुलगी हळद लावताना ‘हळद’ म्हणेल, तो दात आवळून ‘अरिशिण’ म्हणेल. दुसऱ्या दिवशी फडकं सोडताना तीच आधी ‘अरिशिण’ म्हणू दे. प्रेम तिथं सुरू करा, मिठीची घाई नको.

जांबोटीची लेक
दगडी पाला खोडला. आज्जीचा म्हणून जीवावर आलं, पण खोडला. आणि ‘अरिशिण’ वाचून रात्रीच तो प्रसंग पुन्हा लिहिला. आता २६ जानेवारी १८३१ उरलाय. नंदगडला रायण्णाला फाशी दिल्याची बातमी वाड्यावर तीच घेऊन येते, आणि तिला ती त्याच्या भाषेत सांगावी लागते.