जुन्या इंग्लिश पोस्टकार्डावरची चित्रं वाचायला मदत हवी

लेस्टरकर:
इथल्या जुन्या बाजारात पोस्टकार्डांचं खोकं चाळताना एक मजेशीर कार्ड मिळालं. पुढे समुद्रकिनाऱ्याचं छापील चित्र. मागे उजवीकडे पत्ता, सातव्या एडवर्डचं अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट, शिक्का फासटलेला. डावीकडे मजकुराऐवजी शाईनं काढलेली चित्रं:

पहिली ओळ: हरीण, मुंगी.
दुसरी: डोळा, जहाजाचा नांगर, मेंढी, 'आर' अक्षर, स्क्रूड्रायव्हरसारखं काहीतरी, विहीर.
तिसरी: डोळा, झारी, दोरीची गाठ, कंगवा (खाली 'बी' वजा, 'ई' अधिक), 2 हा आकडा, लाटा, मेंढी, 'ऑन', सूर्य, 'डे'.
सहीच्या जागी फूल.

'डिअर आंट' कळलं, पुढे गाडी अडली. पोस्टमनला कळू नये म्हणून असं लिहीत का? आणि साल कसं काढायचं?

टपालवेडा:
लेस्टरकर, मोठ्यानं वाचा आणि मराठी नावं डोक्यातून काढा. डोळा म्हणजे 'आय'. मेंढी 'यू'. झारीला तिकडे 'वॉटरिंग कॅन' म्हणतात, त्यातला 'कॅन' घ्या, गाठ 'नॉट'. कंगव्याचं स्पेलिंग दुरुस्त केलं की 'कम'. लाटा म्हणजे 'सी'. झालं: रविवारी तुम्हाला भेटायला येता येत नाही.

दुसऱ्या ओळीतला नांगर मात्र उच्चारावर चालत नाही. ख्रिस्ती चित्रांमध्ये नांगर हे आशेचं चिन्ह, म्हणून 'होप'. आणि तुमचा स्क्रूड्रायव्हर ही चांभाराची आरी असणार. इंग्रजीत 'ऑल'. टोक अणकुचीदार आहे का बघा. 'आय होप यू आर ऑल वेल.' ही आरी तेव्हाच्या कोड्यांत सारखी भेटते. आजच्या पोरांनी ती पाहिलेलीच नसते, म्हणून कोडं अडतं.

गुपिताचं मला पटत नाही. हरीण-मुंगी काय, त्या गावच्या पोस्टमनलाही चालता चालता सुटली असती! ज्यांना खरंच लपवायचं असे ते पिटमन लघुलिपीत लिहीत, नाहीतर आरशात धरून वाचायचं उलटं अक्षर काढत. ही हौस आहे. बहुतेक एखाद्या भाचरानं दुपारभर बसून केलेली.

साल: पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहायची मुभा ब्रिटनमध्ये 1902 साली मिळाली. त्याआधी मागची अख्खी बाजू पत्त्याची. अर्ध्या पेनीचा दर जून 1918 मध्ये संपला. तिकीट निळसर हिरवं असेल तर सुरुवातीचं, पिवळसर हिरवं असेल तर 1904 च्या अखेरीनंतरचं. पाचव्या जॉर्जची तिकिटं 1911 पासून आली, पण घरातली जुनी लोक नंतरही चिकटवत. खरं उत्तर शिक्क्यातच. अंधारात टॉर्च आडवा धरून फोटो काढा.

हिरवीशाई:
जर्मन कार्डं यापेक्षा शिस्तीची. चित्राखाली खोडलेला 1 म्हणजे शब्दातलं पहिलं अक्षर उडवा: कुत्रा 'हुंड', त्यातला 'एच' गेला की 'उंड', म्हणजे 'आणि'. घराखाली 'एच = एम' लिहिलं की 'हाउस'चा 'माउस', उंदीर. फ्रेंच लोक जागा आणि आकारही वाचतात. मोठा 'जी' आणि छोटा 'ए' फ्रेंचमध्ये मोठ्यानं वाचले ('झे' मोठा म्हणजे 'ग्रां', 'आ' छोटा म्हणजे 'पती') की 'झे ग्रां आपेती' ऐकू येतं, म्हणजे 'मला सपाटून भूक लागलीय'. हे व्होल्टेअरच्या नावावर सांगतात, पण असे किस्से थोरांना आपोआप चिकटतात.

वसतिगृहातला बंड्या:
मी मामाला नाण्यांचा ढीग, माणसाची पाठ आणि पुढे 'वा' एवढंच पाठवलं होतं. त्याला अर्थ लगेच लागला. पैसे नाही आले.

लेस्टरकर:
टपालवेडेकाका, आरीच आहे! तिकीट पिवळसर. टॉर्चखाली '24 एयू 07' दिसलं, वर सकाळची वेळ. फुलाच्या पाकळ्या पांढऱ्या, मध्ये पिवळा ठिपका.

टपालवेडा:
मग सही 'डेझी'ची. मुलींचं तेव्हाचं लाडकं नाव. 24 ऑगस्ट 1907 हा शनिवार, म्हणजे उद्याचं येणं रद्द केलंय. ऐनवेळी चालतं का असं वाटेल, पण तिकडच्या शहरांत दिवसातून अनेकदा टपाल वाटत. सकाळी टाकलेलं कार्ड त्याच दिवशी हातात पडू शके, आपण फोन करतो तसं. पत्त्यातलं गाव आणि शिक्क्यातलं गाव एकच आहे का? आणि कार्ड प्लास्टिकच्या साध्या पिशवीत ठेवू नका, शाई चिकटते.