मदत हवी आहे : प्रेसचं गार्ड काढलंय, तक्रार कुठे करू?

माझा लहान भाऊ हिंगणा एमआयडीसीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायच्या, वाकवायच्या मशीनवर) आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायची. आता काम भराभर उरकावं म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलंय. गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, तर केव्हाचं भिंतीशी धूळ खातंय. गेल्या आठवड्यात शेजारच्या प्रेसवरच्या पोराच्या तर्जनीचं पेर गेलं. मालकाचं म्हणणं, "लक्ष देऊन काम करत जा." मे महिन्यात नागपूरच्या उन्हात पत्र्याखाली बारा तास, कुठून राहणार लक्ष?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे मशीनच्या धोकादायक भागांना आवरण घालणं मालकाकडेच होतं. कलम ११८अ प्रमाणे तक्रार करणाऱ्याचं नावही निरीक्षकाने गुप्त ठेवायचं होतं. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत हे कसं आहे? अन् बावीस कामगारांच्या युनिटात नाव खरंच गुप्त राहतं का? औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कोणी तक्रार दिली असेल तर अनुभव सांगा.

बोट गेलेल्या त्या पोराचं ईएसआय (कामगार विमा) कार्डही काढलेलं नाही. त्याला भरपाई कशी मिळेल? भाऊ म्हणतो, "तू मध्ये पडू नको, नोकरी जाईल."