मदत हवी आहे: थंडीत लाकडी केबिनमध्ये रात्र काढायची आहे, पण कोळशाची शेगडी नको

नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात राहतो. संक्रांत झाली की गाडीने चंदेरीला जायचं ठरतंय, नणंदेकडचे चौघं पुण्याहून येतायत आणि मुलांना हॉटेल नकोय, शेतातली लाकडी केबिनच हवीय, रात्री तारे बघायचेत म्हणे. मला त्यांचा हिरमोड करायचा नाहीये पण गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर माझा धीरच होत नाही, म्हणून आधी ते सांगते आणि मग विचारते, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या डिसेंबरात मी, हे, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा असे शिवपुरीला गेलो होतो. दुपारी शिंद्यांच्या छत्र्या पाहिल्या, सख्याराजेंची आणि त्यांच्या मुलाची छत्री समोरासमोर आहे, सासूबाई तिथे बराच वेळ नुसत्या बसून होत्या. मग गावाबाहेर एका शेतातल्या केबिनमध्ये उतरलो. छान होती, पण फळ्यांच्या फटींत फोम ठासलेला आणि खिडकीला आतून प्लॅस्टिक, वारा येऊ नये म्हणून. हीटर मागितला तर मालक म्हणाले लोड घेत नाही, एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारं बटण) पडते. आणि रात्री साडेनऊला त्यांनी स्वतः लोखंडी घमेल्यात कोळसे आणून ठेवले, वर पांढरी राख धरलेले, आतून लालबुंद. "दीदी, धुआँ बिल्कुल नहीं होगा, पक्के अंगारे हैं, अम्माजी को ठंड लग जाएगी." मायेने केलं हो त्यांनी, हे मी आजही म्हणते.

धूर खरंच नव्हता. खोली मस्त उबदार झाली, आम्ही कडी लावली आणि रजाया घेऊन झोपलो.

साडेतीनच्या सुमारास मुलगा उठला, आई डोकं दुखतंय म्हणाला आणि तिथेच उलटी केली. मी उठायला गेले तर पायात जीवच नाही, भिंत धरून उभी राहिले, माझंही डोकं फुटत होतं. ह्यांना हलवलं तर नुसते हं हं करत होते आणि सासूबाई तर हाकेला ओच देईनात. मला वाटलं रात्रीच्या जेवणातून काहीतरी बाधलं. पण सासूबाईंची एकादशी होती, त्यांनी घरून नेलेले राजगिऱ्याचे दोन लाडू आणि दूध एवढंच घेतलं होतं, आणि सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच! तेव्हा कुठे डोक्यात आलं की हे पोटाचं नाही. दार उघडलं, कसंबसं सगळ्यांना ओसरीवर आणलं, बाहेर मरणाची थंडी, पण दहा मिनिटांत मुलगा म्हणाला आई आता बरं वाटतंय.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण आम्ही तिथेच फसलो. कोरोनापासून बॅगेत ऑक्सिमीटर असतो, तो सासूबाईंच्या बोटाला लावला तर ९८ दाखवला, आणि आम्ही निश्चिंत झालो, सकाळपर्यंत थांबलो. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की हा कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनचं रक्त आणि ह्या गॅसचं रक्त यातला फरकच कळत नाही, त्यामुळे आकडा चांगला आला तरी भरवसा ठेवायचा नाही, लगेच दवाखाना गाठून ऑक्सिजन लावायचा. सासूबाईंना मास्क लावून बराच वेळ ठेवलं, पुढे दोन दिवस डोकं जड होतं त्यांचं. डॉक्टर म्हणाले एका खोलीतल्या सगळ्यांना एकदमच डोकेदुखी मळमळ झाली आणि बाहेर आल्यावर उतार पडला तर पहिला संशय ह्याचाच घ्यायचा. बंद बाथरूममधला गॅस गीझरही तितकाच घातक. घरी आल्या आल्या आमचा गीझर आधी बाहेरच्या बाजूला लावून घेतला.

तर आता विचारायचंय ते असं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म कुणी प्रवासात वापरलाय का? धुराचा अलार्म ह्या गॅसला वाजत नाही एवढं कळलं, ईएन ५०२९१ (ह्या अलार्मचं युरोपियन मानक) लिहिलेला घ्यावा असं वाचलं, पण ऑनलाइन इतके स्वस्त दिसतात की कुठला खरा ते समजत नाही. कुणाचा खरोखर वाजलाय का, आणि घेतल्यावर तो तपासायचा कसा?

दुसरं, शेगडी नाही तर ऊब कशाची? दोन हजार वॉटचा हीटर म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावायचाच नाही, आणि शेतावर मोठं सॉकेट बहुतेक नसतंच. हजार वॉटच्या ऑइल हीटरने लाकडी खोली राहण्याजोगी होते का, की गरम पाण्याच्या पिशव्या आणि जास्तीच्या रजायाच बऱ्या? ह्यांचं म्हणणं झोपायच्या आधी तासभर शेगडी ठेवून मग बाहेर काढू, मला तेही नकोय, गप्पांत एखादा डोळा लागला की संपलं. तारे बघताना बाहेर अंगणात शेकोटी करा की हवी तेवढी!

आणि चंदेरीत किंवा वाटेत कुणी अशा केबिनमध्ये थंडीत राहिलं असेल तर तिथे खिडकी उघडते का, हीटरचं सॉकेट आहे का एवढं सांगा. मालकाशी फोनवर आधीच कसं बोलायचं हेही सुचवा, कारण तिकडे पाहुण्याला अंगार आणून देणं म्हणजे आदर असतो, नको म्हटलं की त्यांना वाईट वाटतं आणि मग आपण गप्प बसतो.

सासूबाईंना मी म्हणलं तुम्ही ह्यावेळी घरी राहा, तर म्हणाल्या मला चंदेरी साडी माझ्या हाताने निवडायचीय, मी येणार. म्हणून त्यांच्या उशाशी काय ठेवायचं ते मला निघायच्या आधी पक्कं करायचंय. अलार्म पोचायलाही आठवडा जाईल, तेव्हा ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज लवकर लिहा.