अंगणातील पावसाचे पाणी काढण्यासाठी कोणता पाइप घ्यावा?

कातळावरचे_घर यांचा प्रश्न:

आमचे घर लांजा तालुक्यातील एका वाडीत, डोंगर उतारावर आहे. घरापुढचे खळे सुमारे १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असून पूर्वी ते सारवलेले होते. आईवडिलांना वयोमानाने सारवण झेपेना, म्हणून आम्ही त्यावर सिमेंटचा कोबा केला. तेव्हापासून मोठ्या पावसात पाणी पायरीपाशी तुंबते. घराच्या पुढच्या पाख्याचे, म्हणजे अंदाजे ६५ चौरस मीटर कौलांचे पाणीही पन्हळीतून तिथेच उतरते. हे सर्व पाणी खळ्याच्या कडेने, गाडी उभी करतो त्या जागेखालून नेऊन सुमारे २५ मीटरवर असलेल्या वहाळात (ओढ्यात) सोडायचे आहे. वाटेत दोन नारळ आणि एक जुना फणस आहे. जमीन जांभ्याची असल्यामुळे एक-दीड फुटाखाली पहार लागत नाही.

पाइपाबद्दल मात्र प्रत्येकाचे मत निराळे. वाडीतील प्लंबर शेतीला वापरतात तो ४ किलो दाबाचा करडा ४ इंची पाइप पुरेसा आहे असे म्हणतो. तालुक्याच्या दुकानदाराने काळा, बाहेरून लहरी असलेला डबल वॉल पाइप सुचवला. चुलत्यांच्या मते सिमेंटच्या हुम पाइपाशिवाय काहीही टिकणार नाही. शिवाय परदेशी चित्रफितींमध्ये भोके असलेला पाइप खडीत पुरलेला दाखवतात, तो आपल्याकडे उपयोगी पडेल का, हाही प्रश्न आहे. मे महिन्यात काम उरकायचे असल्याने जाणकारांनी कारणांसह सल्ला द्यावा, ही विनंती.

---

ढाळ_आणि_ओळंबा यांचे उत्तर:

तुम्ही मोजमापे दिलीत हे फार बरे केले, कारण अशा प्रश्नात पाइप कशाचा हे शेवटी ठरते. आधी पाणी किती, ढाळ किती आणि पाइपावर भार कसला, हे ठरवावे लागते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तुमचे खळे १०८ आणि छप्पर ६५, मिळून १७३ चौरस मीटर. वर्षभरात किती पाऊस पडतो हा आकडा येथे निरुपयोगी आहे. कोकणात तो ३,००० मिलिमीटरच्या वर असला तरी पाइपाला त्याच्याशी देणेघेणे नसते. त्याला सामना करावा लागतो तो अर्धा-पाऊण तास कोसळणाऱ्या सरीशी, आणि आपल्याकडे अशा सरीचा वेग ताशी १०० मिलिमीटर धरणे मुळीच अतिरेकी नाही. (मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर धरून बांधलेली होती आणि पुढे ती ५० मिलिमीटरसाठी वाढवावी लागली, हे सर्वांना ठाऊक आहे.) या वेगाने तुमच्याकडे तासाला सुमारे १७,३०० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४.८ लिटर पाणी येईल. कोबा आणि कौले दोन्ही पाणी मुरू देत नाहीत, त्यामुळे यातून फारशी वजावट करू नये.

आता पाइपाची क्षमता पाहू. गुळगुळीत पीव्हीसी पाइपाला १०० मीटरला १ मीटर ढाळ असेल आणि तो पूर्ण भरून वाहत असेल, तर ७५ मिलिमीटरचा पाइप सेकंदाला सुमारे २.२ लिटर, ११० मिलिमीटरचा, म्हणजे ४ इंची, साडेसहा ते सात लिटर आणि १६० मिलिमीटरचा सुमारे १८ लिटर पाणी नेतो. व्यास दुप्पट केला की क्षमता सहा पटींहून अधिक वाढते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ढाळ निम्मा, म्हणजे २०० मीटरला १ मीटर केला, तर ११० मिलिमीटरच्या पाइपाची क्षमता ४.७ लिटरवर येते. तुमच्या गरजेपेक्षा ती किंचित कमीच आहे. त्यात फणसाची पाने, शेवाळ आणि गाळ यांची भर पडली की पाणी पुन्हा पायरीशी येणारच. म्हणून तुमच्यासाठी १६० मिलिमीटर, म्हणजे बोलीभाषेतला ६ इंची, हेच माझे उत्तर आहे. जांभ्यात चर खणण्याची मजुरी दोन्ही पाइपांना जवळपास सारखीच पडणार आहे, आणि त्या मजुरीपुढे पाइपाच्या किमतीतील फरक थोडा असतो.

ढाळाविषयी आग्रहाने सांगतो. २५ मीटर अंतराला १०० मध्ये १ या प्रमाणाने २५ सेंटिमीटर उतार लागेल. गवंड्याच्या नजरेवर विसंबू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी स्वतः पाहावी आणि प्रत्येक तीन मीटरवर खुंटी ठोकून दोरी ताणावी. मध्ये कुठेही पाइपाला पोट पडले, की त्या जागी गाळ बसतो आणि पुढच्या ढाळाचा उपयोग राहत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. घर उतारावर आहे, तर वरच्या अंगाचे पाणी खळ्यात येते का? येत असेल, तर वरचा हिशेब अपुरा ठरेल.

---

गल्ल्यावरून यांचे उत्तर:

माझा या मालाचा व्यवसाय आहे, तेव्हा पाइपांच्या जातींविषयी लिहितो.

शेतीच्या पाइपावर लिहिलेले ४ किलो किंवा ६ किलो हे आकडे आतून येणाऱ्या पाण्याच्या दाबाचे असतात. पंपाच्या पाण्याने पाइप फुटू नये, एवढीच हमी त्यातून मिळते. अंगणातल्या पाइपात आतून दाब जवळजवळ नसतोच. त्याला वरून माती आणि गाडी चेपत असतात. चेपण्याला होणारा प्रतिकार भिंतीच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे त्याच व्यासाच्या पाइपाची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. म्हणून दाबाचा आकडा पाहून जमिनीत गाडायचा पाइप निवडणे हा चुकीचा निकष आहे.

घराच्या मोऱ्या आणि संडास यांच्यासाठी जो एसडब्ल्यूआर पाइप मिळतो, त्याचे भारतीय मानक (आयएस) १३५९२ आहे. त्यात अ आणि ब असे दोन प्रकार असतात. अ प्रकार हवेच्या नळीसाठी आणि छपरावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी असतो, तर ब प्रकार मलमूत्र आणि सांडपाण्यासाठी असतो. ११० मिलिमीटरमध्ये अ प्रकाराची भिंत किमान २.२ आणि ब प्रकाराची ३.२ मिलिमीटर असते, म्हणजे ताठपणात सुमारे तिप्पट फरक पडतो. पन्हळीपासून भिंतीवरून खाली येणाऱ्या उभ्या पाइपाला अ प्रकार चालतो. जमिनीत तो घालू नये. ‘पावसाच्या पाण्याचा पाइप’ असे म्हणून तो जमिनीसाठीही विकला जातो, त्यामुळे हा भेद गिऱ्हाइकाने स्वतःच माहीत करून घेतलेला बरा.

जमिनीखालच्या निचऱ्यासाठी खास बनवलेला पीव्हीसी पाइप आयएस १५३२८ या मानकाचा असतो आणि तो बहुधा विटकरी रंगाचा असतो. त्यावर एसएन ४, एसएन ८ असे आकडे छापलेले असतात. हा बाहेरील भाराला होणाऱ्या प्रतिकाराचा वर्ग आहे. माणसांची ये-जा असलेल्या भागात एसएन ४ पुरतो. गाडी ज्यावरून जाईल तेथे एसएन ८ घ्यावा.

काळा डबल वॉल पाइप वाईट नाही. आतली भिंत गुळगुळीत, बाहेरची लहरीदार, त्यामुळे वजनाच्या मानाने ताठपणा चांगला मिळतो आणि उन्हानेही तो लवकर खराब होत नाही. परंतु त्याच रूपाचा पाइप केबल टाकण्यासाठीही बनतो आणि त्याचे मानक वेगळे असते. निचऱ्यासाठी घेताना आयएस १६०९८ चा दुसरा भाग आणि एसएन वर्ग छापलेला आहे का, हे पाहून घ्या. २५ मीटरच्या घरगुती कामात मात्र त्याचे बेंड, वाय आणि जोडणीचे तुकडे तालुक्याच्या ठिकाणी मिळतीलच असे नाही, म्हणून मी स्वतः विटकरी पाइप सुचवीन. विकायला दोन्ही माझ्याकडे आहेत.

हुम पाइपाबद्दल चुलत्यांचा विश्वास समजू शकतो. रस्त्याखालच्या मोरीसाठी तो उत्तमच आहे. पण एक नग साधारण दोन-अडीच मीटर लांबीचा, म्हणजे तुमच्या २५ मीटरमध्ये दहा-बारा सांधे येणार. सिमेंटने भरलेला सांधा जरा हलला की चिरतो आणि नारळ-फणसाची मुळे ओलाव्याच्या वासावर नेमकी त्याच चिरेत शिरतात.

---

परसदार_वेंगुर्ले यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरीही मला मूळ प्रश्नाबाबत वेगळे म्हणायचे आहे. पाइप हवाच कशाला? आमच्याकडे चिऱ्याचे उघडे गटार, आतून सिमेंटचा गिलावा केलेले, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले आहे. पाने अडकली तर दिसतात आणि खराट्याने ती लोटता येतात. जमिनीखालच्या पाइपात काय अडकले आहे, हे मात्र ऐन आषाढात, पाणी उंबऱ्याशी आल्यावरच कळते. खळ्याच्या कडेने एक वीतभर रुंद आणि तेवढेच खोल गटार काढून ते वहाळापर्यंत नेल्यास सगळाच खर्च निम्म्यावर येईल.

भोकांच्या पाइपाविषयीही एक सांगतो. तो जमिनीत मुरलेले पाणी गोळा करण्यासाठी असतो. तुमच्या जोत्याच्या मागच्या अंगाला पावसाळ्यात उपळ (जमिनीतून वर येणारे पाणी) लागत असेल, भिंतीला ओल चढत असेल, तर तिथे तो खडीत आणि जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळून घालण्यात अर्थ आहे. खळ्यावरचे गढूळ पाणी त्यात सोडले, तर काही पावसाळ्यांत खडी गाळाने भरेल, आणि तोवर तो पाइप भोकांतून घराच्या पायालाच पाणी पाजत राहील.

---

कातळावरचे_घर यांचा प्रतिसाद:

सर्वांचे आभार. ‘ढाळ_आणि_ओळंबा’ यांची शंका बरोबर आहे. घराच्या मागे गडगा (दगडी कुंपण) आहे आणि त्यापलीकडून पाखाडी (पायऱ्यांची वाट) खाली उतरते. मोठ्या पावसात पाखाडीचे पाणी गडग्यातून पाझरून घराच्या एका बाजूने खळ्यात येते. ते किती असते हे मोजता आलेले नाही, पण ते लाल आणि गाळाचे असते. मागच्या भिंतीला ओल मात्र नाही.

उघड्या गटाराचा विचार केला होता. गाडीची जागा मध्ये येते आणि वडिलांची नजर आता अधू झाल्याने उघडे गटार त्यांच्या चालण्याच्या वाटेत नको आहे. दुसरी अडचण अशी की वहाळाकडच्या टोकाला चर दीड फुटाहून खोल जाऊ शकेल, पण गाडीच्या जागेखाली कातळ जेमतेम फूटभर खालीच लागतो.

---

ढाळ_आणि_ओळंबा यांचे उत्तर:

मग कामाचा क्रम बदलावा लागेल. पाखाडीचे पाणी पाइपात घेऊच नये. गडग्याच्या वरच्या अंगाला, गडग्यापासून दोन-तीन फूट सोडून, उघडा चर काढावा आणि ते पाणी घराला वळसा घालून बाहेरच्या बाहेर वहाळाकडे न्यावे. इथे ‘परसदार_वेंगुर्ले’ यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. डोंगराच्या गाळाच्या पाण्याला उघडा चरच हवा. त्याआधी खालच्या बाजूला कोणाची बाग किंवा घर त्या चराच्या तोंडी येत नाही ना, हे पाहावे आणि शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे, कारण वळवलेले पाणी दुसऱ्याच्या कुंपणात गेले तर पाइपापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. गावच्या जुन्या माणसांना पाण्याची मूळ वाट ठाऊक असते. चर शक्यतो त्याच वाटेला मिळवावा.

खळ्याचे आणि छपराचे पाणी तेवढे १६० मिलिमीटरच्या विटकरी पाइपातून न्यावे. पायरीसमोर खळ्याच्या पूर्ण रुंदीत एक उथळ नाली घेऊन तिच्यावर लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे वडिलांना चालताना अडचण होणार नाही. नालीच्या शेवटी दीड फूट लांबी-रुंदीचे चेंबर बांधून त्याचा तळ पाइपाच्या तळापेक्षा वीतभर खाली ठेवावा. गाळ तिथे बसेल आणि हाताने काढता येईल. पाऊस सरल्यावर त्यात उरलेले पाणी उपसून टाकायला विसरू नये, नाहीतर डासांची सोय होते. पन्हळीचे पाणी थेट पाइपात न जोडता याच चेंबरमध्ये सोडावे. जिथे पाइप वळेल तिथे ९० अंशांचा एक बेंड घालण्याऐवजी ४५ अंशांचे दोन घालावेत आणि सफाईसाठी आणखी एक चेंबर ठेवावे.

गाडीखाली सामान्यतः पाइपाच्या माथ्यावर किमान ६० सेंटिमीटर भराव हवा. तुमच्याकडे तो मिळणार नाही, म्हणून तेवढ्या लांबीत पाइपाच्या चारही बाजूंना १० ते १५ सेंटिमीटर काँक्रीट घालावे. वर एवढे काँक्रीट आणि खाली कातळ असल्यामुळे तेथील ढाळ आधी पक्का करून मगच पुढची खोली ठरवा. फूटभरात हे सारे बसत नसेल, तर तेवढ्या भागातला कोबा थोडा उचलून घेणे, कातळ फोडण्यापेक्षा स्वस्त पडेल. उरलेल्या लांबीत कातळाच्या टोकदार कडांवर पाइप थेट टेकवू नये. खाली १० सेंटिमीटर वाळू किंवा बारीक खडी पसरावी, बाजूंनी तीच दाबून भरावी आणि पाइपाच्या माथ्यावर वीतभर भराव होईपर्यंत मोठा दगड आत पडू देऊ नये. झाडांजवळच्या आठ-दहा मीटरमध्ये रबर रिंगच्या सांध्याऐवजी सॉल्व्हेंट सिमेंटचा सांधा घ्यावा.

वहाळाचे तोंड शेवटी पाहा. भर पावसात वहाळाचे पाणी कुठवर चढते, ती खूण काठावरच्या झाडांवर आणि अडकलेल्या काटक्यांवर सहज दिसते. पाइपाचे तोंड त्या खुणेच्या वर येत असेल तर उत्तम. येत नसेल तर तोंडाला झडप बसवावी लागेल, आणि तिच्यात काटकी अडकली नाही ना, हे पावसाळाभर बघावे लागेल. तोंडाखाली चार मोठे दगड रचावेत, नाहीतर पडणारे पाणी काठ उकरते. चर बुजवण्यापूर्वी खालचे तोंड बंद करून पाइप पाण्याने भरावा, तासभर तसाच ठेवून चेंबरमधली पातळी उतरते का ते पाहावे, आणि नंतर तोंड उघडून पाणी कुठेही न रेंगाळता निघून जाते याची खात्री झाल्यावरच गड्यांना माती लोटायला सांगावे.