विंडोज ७ टाकताना यूएसबी कीबोर्ड-माऊस बंद पडतोय, बायोसमध्ये काय बदलायचं?

उद्यमनगरकर: शिवाजी उद्यमनगरात आपलं वर्कशॉप हाय, मशीनचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वरच चालतंय. पीसी सहाव्या जनरेशनचा इंटेल. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारं सेटिंग) कीबोर्ड मस्त चालतोय पण सेटअपचा पहिला स्क्रीन आला की कीबोर्ड पण मेला आणि माऊस पण. लेगसी यूएसबी सपोर्ट ऑन हाय. एक्सएचसीआय (यूएसबी ३ चा कंट्रोलर) मोड शोधतोय, दिसतच नाही.

राजारामपुरी_पीसी: दिसणार नाही भावा. २०१५ च्या १०० सिरीज चिपसेटपासून इंटेलनं जुना ईएचसीआय (यूएसबी २ चा) कंट्रोलरच काढला, सगळे पोर्ट एक्सएचसीआयवर आणि विंडोज ७ च्या डीव्हीडीत त्याचा ड्रायव्हरच नाही. लेगसी सपोर्ट म्हणजे बायोस स्वतः कीबोर्ड सांभाळतंय, ते विंडोजनं ताबा घेईपर्यंतच. मागं गोल पीएस टू पोर्ट हाय का बघ, असला तर तसला जुना कीबोर्ड लाव आणि विषय संपव.

गंगावेस९: किंवा दुसऱ्या पीसीवर यूएसबी ३ चा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअप इमेजमध्ये घालून पेनड्राईव्ह बनवा, boot.wim (सेटअप चालवणारी फाईल) आणि install.wim (पीसीवर बसणारं विंडोज) दोन्हीत घालायचा बरं का, एकातच घातला तर सेटअप होतंय आणि पुढं परत तेच रडगाणं. आणि वैतागून यूएसबी कंट्रोलर डिसेबल करू नका, मग बायोसमध्ये पण कीबोर्ड चालायचा नाही, मदरबोर्डचा सेल काढून सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग) रिसेट करत बसाल.

उद्यमनगरकर: गोल पोर्ट हाय की! भंगारातनं कीबोर्ड काढतो.