विकर की विकार? एका कान्याचा घोळ

कृष्णाकाठ: आईला अल्झायमर आहे. मिरजेतल्या एका दवाखान्यात डोनेपेझिल सुरू केलं. सोबतच्या मराठी माहितीपत्रकात ओळ होती, 'ही गोळी मेंदूतील विकार रोखते.' घरात सगळे हरखलो. दोन महिन्यांनी डॉक्टरांना विचारलं, थांबला का आजार? ते म्हणाले, त्यासाठी ही गोळी नाहीच. मग छापायचं होतं ते 'विकर' काय? आणि विकर म्हणजे नेमकं काय?

मास्तर_तासगाव: काना जास्तीचा पडलाय, दादा. विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातले रासायनिक बदल घडवून आणणारं द्रव्य. शाळेत 'पाचक विकरे' घोकली असतील बघा. ते विकर, तो विकार. मूळ एकच, वि + कृ, म्हणजे बदलणे. एक बदल घडवतं, दुसरा म्हणजे झालेला बिघाड. जुन्या लिखाणात 'वितंचक' असाही शब्द सापडतो. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण, आणि एन्झाइम हा ग्रीक शब्दही आंबवणाऱ्या खमिरावरूनच आलाय. मला वितंचकच आवडतो, पण बोलतंय कोण?

सिस्टरताई: विकर रोखते हेच बरोबर. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. आपण 'चेतासंधी' म्हणतो नि जोड डोळ्यांपुढं येतो, पण मधे साधारण 20 नॅनोमीटरची फट असते. इकडं सांगलीचा घाट, तिकडं सांगलवाडी, मधे कृष्णा. निरोप घेऊन पलीकडं जाणारी होडी म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. होडी काठाला लागली, निरोप पोचला, की कोलिनेस्टरेज हे विकर तिच्या फळ्या सुट्या करतं. नाहीतर तोच निरोप पुन्हापुन्हा. सुटं झालेलं कोलिन पहिली पेशी परत ओढून घेते आणि नवी होडी बांधते. अल्झायमरमध्ये होड्या बांधणाऱ्या पेशीच मरत जातात. गोळी विकराला आवर घालते, म्हणून उरलेल्या होड्या जरा जास्त वेळ टिकतात. पेशी मरायच्या थांबत नाहीत.

द्राक्षबाग: कोलिनेस्टरेज? हे नाव आमच्या गड्याच्या रक्ताच्या रिपोर्टात होतं! फवारणीत औषध चढलं होतं त्याला. तोंडातनं लाळ, घामानं चिंब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. दंडाचं मांस आपोआप उडायचं.

सिस्टरताई: तेच विकर, दादा. फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फेट औषध त्या विकराला धरतं ते सहजी सोडत नाही. होड्यांची गर्दी होते, निरोपावर निरोप. म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात, ते पलीकडच्या काठावरचे होड्या लागायचे काही धक्के अडवून धरतं. डोनेपेझिल धरतं नि सोडतं, मात्राही मोजून दिलेली.

मास्तर_तासगाव: म्हणजे खरा घोटाळा 'औषध' शब्दाचा! बागेत मारायचं तेही औषध, आईला द्यायचं तेही औषध. आपल्याकडं 'औषध प्यालं' म्हटलं की गावाला वेगळंच कळतं. माझं मत, बाटलीवरच्याला सरळ कीटकनाशक म्हणावं.

द्राक्षबाग: म्हणा की, मास्तर. दुकानात 'कीटकनाशक द्या' म्हणालो तर पोरगं विचारतंय, कुठलं औषध पायजे काका?

कृष्णाकाठ: पत्रकावरचा काना पेनानं खोडला. बायकोनं मोठ्यानं वाचलं, तरी 'विकार'च वाचलं. शेवटी वर 'एन्झाइम' लिहून ठेवलं.